मृत्यूचे ठिकाण : एक दुर्लक्षित रकाना

पोप पाचवे पॉल यांनी 1614 साली प्रसिद्ध केलेल्या रोमन विधिग्रंथात धर्मग्रामाने मृतांची वही कशी ठेवावी याचा नमुना आहे. नाव, वय व तारीख यांबरोबर मृत्यू कोणाच्या घरी झाला, हेही त्यात लिहावयाचे असते. चारशे वर्षांनंतर प्रगत राष्ट्रांचा हिशेब चुकला तो नेमका ठिकाणाच्या याच नोंदीत.

थंड देशांत हिवाळा वृद्धांना जड जातो. गारठून मरणारे थोडे. हृदयविकार व श्वसनविकार यांनी जाणारे अधिक. म्हणून इंग्लंडमध्ये डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांतील मृत्यूंमधून आधीच्या व नंतरच्या चार-चार महिन्यांची सरासरी वजा करून हिवाळ्याचे जादा बळी मोजण्याची रीत पडली. हिशेबाची एवढी सवय असूनही 2020 च्या कोरोना साथीत तेथील दैनंदिन सरकारी आकड्यांत रुग्णालयांबाहेरचे मृत्यू धरले जात नव्हते. 29 एप्रिल रोजी ते धरू लागताच मागील 3,811 मृत्यूंची भर एकदम पडली. त्यांतील बहुसंख्य रुग्णालयांबाहेरचे होते. न्यूयॉर्क राज्यात चूक उलट झाली. वृद्धाश्रमातून रुग्णालयात नेल्यावर दगावलेल्यांना वृद्धाश्रमांच्या संख्येत धरले नव्हते. ही संख्या 50 टक्क्यांपर्यंत कमी दाखवली गेली असावी, असे राज्याच्या महाधिवक्त्यांनी जानेवारी 2021 च्या अहवालात म्हटले.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. आपल्या 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने घरातील मृत्यू कळवण्याचे कर्तव्य कुटुंबप्रमुखावर, रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यावर, तर वसतिगृह, धर्मशाळा, एवढेच नव्हे तर ताडीच्या दुकानातील मृत्यूचेही तेथील चालकावर टाकले. त्या मूळ यादीत वृद्धाश्रमाचे वेगळे नाव मात्र नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावी म्हातारी माणसे बहुधा घरीच प्राण सोडतात. ती वार्ता 21 दिवसांच्या आत नोंदवावयाची असते. परंतु घरी डॉक्टर नसला की कारण कोण सांगणार? 2020 साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले मृत्यू चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते. ‘म्हातारपणाने गेले’ एवढ्यावर घरचे लोक समाधान मानतात. मग पौष-माघातील थंडीने किती वृद्ध नेले, हे कोणत्या वहीतून कळावे? आणि ते कळल्यावाचून पांघरुणे, कोरडे सरपण किंवा छातीच्या विकारावरील औषधे वेळेवर कोण पाठवील?

1983 च्या धर्मसंहितेनेही धर्मग्रामाच्या मृतनोंदवहीचे बंधन कायम ठेवले आहे. नोव्हेंबरमध्ये आपण मृतांसाठी प्रार्थना करतो. घरातील वृद्ध कोणत्या दिवशी, कोठे व कोणत्या दुखण्याने गेला, हे धर्मग्रामाच्या आणि ग्रामपंचायतीच्या वहीत नीट लिहवून घेणे, हेही त्या स्मरणाचेच अंग आहे. त्या नोंदीचा उपयोग गेलेल्यास नाही. पुढील हिवाळा ज्यांना काढावयाचा आहे, त्यांना आहे.