कऱ्हेकाठची पाण्याची पंगत

दिवे घाट चढून माउलींचा रथ माथ्यावर आला की बहुतेक वारकरी मागे वळून पाहतात. खाली मस्तानी तलाव, वळणावळणाने चढत येणाऱ्या दिंड्या, पलीकडे धुरकट पुणे. पुढच्या उताराकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. खरे तर हा माथा म्हणजे पाण्याच्या वाटा फुटण्याची जागा. मागच्या उतारावर पडलेला पाऊस मुळा-मुठेला जातो आणि तिथून भीमेला. पुढच्या उतारावरचा ओढ्यानाल्यांनी कऱ्हेत, कऱ्हेतून नीरेत, आणि नीरा नरसिंहपूरला तोही भीमेतच. माथ्यावर ताटातूट झालेले दोन थेंब अखेर चंद्रभागेच्या वाळवंटाशी भेटायचे असतात.

भेटायचे असतात खरे, पण पुढच्या उतारावरचा थेंब तिथवर पोचतोच असे नाही. पुरंदर हा पर्जन्यछायेचा मुलूख. पावसाचा मोठा वाटा सह्याद्रीचा मुख्य कडाच अडवून धरतो आणि तालुक्याच्या पूर्वेकडील गावांच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर येतो. तोही चार-दोन जोरदार सरींत. डोंगर उघडा असला की ते पाणी माती घेऊन तासाभरात ओढ्याला लागते, आणि दुसऱ्या दिवशी ओढा कोरडा. सासवडला आपले दोन मुक्काम असतात. सोपानकाकांच्या समाधीचे दर्शन घेऊन कऱ्हेच्या पात्राकडे गेलेल्या माणसाला बरेचदा गोटेच दिसतात. आपण टँकरच्या रांगेत उभे राहतो, हंडाभर पाणी मिळाले की माउलीचे नाव घेतो आणि जेजुरीची वाट धरतो. ज्यांना तिथेच राहायचे त्यांचे काय, हा प्रश्न निदान मला तरी बऱ्याच वाऱ्या होईपर्यंत सुचला नव्हता.

१९७२ च्या दुष्काळात पुण्यातले एक अभियंता-उद्योजक, विलासराव साळुंखे, या भागात आले. दुष्काळी कामांवर शेतकरी खडी फोडत होते. स्वतःचे रान ओसाड पडलेले आणि हातात रस्त्याची खडी! हेच हात डोंगरउताराच्या कामाला लागले तर पुढचा दुष्काळ इतका झोंबणार नाही, असे त्यांना वाटले. १९७४ साली नायगावात त्यांनी देवस्थानची सुमारे ४० एकर उताराची, पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेतली. देवाच्या जमिनीवर हे काम सुरू झाले, याचे मला अप्रूप वाटते. देवस्थानांच्या जमिनींचे पुष्कळ ठिकाणी काय होते ते आपण जाणतोच.

कामात चमत्कार काही नव्हता. उताराला आडवे समपातळीवर बांध घातले, पाणी अडेल तिथे अडवले, खाली पाझर तलाव आणि विहीर केली, वर झाडे आणि गवत राखले. असे काम माथ्यापासून पायथ्याकडे करत यायचे असते. वरचा उतार तसाच सोडून खाली तळे खोदले तर पहिल्या दोन पावसाळ्यांत ते गाळाने भरते. वर मुरलेले पाणी मात्र जमिनीतून सावकाश झिरपत येते आणि विहिरीला पुढे कितीतरी महिने पुरते. नायगावची पडीक जमीन पिकू लागली तसे आसपासचे लोक पाहायला येऊ लागले.

खरी कसोटी त्यानंतरची. अडवलेले पाणी कोणाचे? ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, ही जुनी रीत. साळुंख्यांच्या पाणी पंचायतीने ती मोडली. पाणी जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः उभा करायचा. पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी.

वारकऱ्याला हे समजायला अवघड नाही. पंगतीत पत्रावळ माणसागणिक मांडतात, घरी जमीन किती हे वाढपी विचारत नाही. पण पंगतीत बसून वाढून घेणे आणि आपल्या विहिरीतले पाणी शेजारच्या भूमिहीनाला देणे, यांत अंतर आहे. ते अंतर इथल्या कित्येक गावकऱ्यांनी काही काळ तरी ओलांडले, याला मी लहान गोष्ट मानत नाही.

सगळ्या योजना टिकल्या नाहीत. कुठे वीजबिल थकले, कुठे भाऊबंदकी आडवी आली, कुठे उसाचा मोह सुटला नाही. २००२ साली विलासराव गेले. पुढे पुरंदर उपसा योजनेचे पाणी आले. पुणे शहराने वापरून मुळा-मुठेत सोडलेले पाणी पंपाने चढवून याच तालुक्यात आणले जाते. त्याने शेते भिजली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण विकतचे पाणी दारात आले की डोंगरावरच्या बांधाची डागडुजी करायला कोण चढणार? अंजीर-सीताफळाच्या बागा मात्र थोड्या पाण्यावर अजून तग धरून आहेत.

कऱ्हा नीरेला मिळते ती बारामतीच्या बाजूला, सोनगावजवळ. नीरास्नान आटोपून आपण लोणंद-फलटणकडे वळतो, त्यामुळे तो संगम वारीत दिसत नाही. एका कार्तिकात मी मुद्दाम वाट वाकडी करून तिथे गेलो. कऱ्हेचे पाणी घोटाभर होते, पण वाहत होते. काठावर धुणे धूत बसलेल्या बाईंना विचारले, हे पाणी कुठून येते? त्यांनी हात पश्चिमेकडे केला आणि म्हणाल्या, "डोंगराकडनं."