कॅसेटचा देश कोणता?



पोस्टाचीं जुनीं तिकिटें जमविणारास एक नियम शिकवावा लागत नाहीं. निजामाच्या हैदराबाद संस्थानचें तिकीट मराठवाड्यांतील एखाद्या वाड्यांत सांपडलें, तरी सूचींत त्यापुढें कोणी 'महाराष्ट्र' असें लिहीत नाहीं. संस्थान गेलें, पण तिकिटावरील त्याचें नांव राहिलें. व्हिडिओ गेम जमविणारांना मात्र हाच नियम वाद घालून ठरवावा लागतो. त्यांच्या संगणकावरील सूचींत प्रत्येक खेळापुढें 'देश' असा एक रकाना असतो. त्यांत काय लिहावें, हें वाटतें तितकें सोपें नाहीं.

निन्टेन्डो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं 'फॅमिकॉम' नांवाचें खेळाचें यंत्र जपानांत विक्रीस काढलें. तेंच यंत्र निराळें रूप घेऊन १९८५ सालीं न्यूयॉर्कच्या बाजारांत व १९८६ पासून युरोपांत आलें. त्यांत घालावयाच्या डबीस आपल्याकडील मुलें 'कॅसेट' म्हणत. जपानी कॅसेटला ६० पिना, तर बाहेरच्या कॅसेटला ७२. जपानांत व अमेरिकेंत टी.व्ही.चें चित्र सेकंदास सुमारें ६० वेळां उमटे, युरोपांत ५० वेळां. त्यामुळें तिकडचा खेळ इकडे बहुधा मंद चाले. शिवाय बाहेरच्या यंत्रांत कुलपासारखें काम करणारी एक चिप बसविलेली असे, आणि तिच्यायोगें खुद्द युरोपचेच दोन भाग पडले होते. ब्रिटन व इटली एका गटांत, फ्रान्स व जर्मनी दुसऱ्यांत. इटलींत घेतलेली कॅसेट फ्रान्समधील मित्राच्या यंत्रांत चालत नसे.

खेळही सर्वत्र एकच राहत नसे. अमेरिकेंत १९८८ सालीं आलेला 'काँट्रा' हा खेळ १९९० सालीं युरोपांत 'प्रोबोटेक्टर' या नांवानें निघाला, तेव्हां त्यांतील सैनिकांच्या जागीं यंत्रमानव आले होते. तेव्हां प्रदेशाची नोंद हा केवळ हौशी लोकांचा काटेकोरपणा नव्हे.

आतां लेबलाकडे वळूं. खेळाच्या सांकेतिक अक्षरांना जोडून तेथें आणखी तीन रोमन अक्षरें छापलेलीं असत. 'यू.एस.ए.'चा अर्थ उघड आहे. परंतु 'एस.सी.एन.' म्हणजे स्कँडिनेव्हिया. हा कोणताही एक देश नव्हे. 'ई.ई.सी.' म्हणजे युरोपीय आर्थिक समुदाय. तें नांव १९९३ सालीं बदललें. सर्वांत बोलकीं अक्षरें 'एफ.आर.जी.', म्हणजे जर्मन संघराज्य. ३ ऑक्टोबर १९९० पूर्वीं या नांवांत लाइपझिग व ड्रेस्डेन हीं शहरें येत नव्हतीं. त्या दिवसापासून तीं आलीं. नांव तेंच, नकाशा मात्र निराळा! पुढें याच अक्षरांच्या जागीं 'एन.ओ.ई.' हीं अक्षरें आलीं, आणि तीं देशाचीं नसून कंपनीच्या युरोपीय शाखेचीं आहेत.

अशा कॅसेटपुढें सूचीकार सरसकट 'जर्मनी' असें लिहितो, तेव्हां तो चूक करतो असें नाहीं. पण तो एक पुरावा पुसून टाकतो. त्यांतच अनेक कॅसेटींच्या पाठीवर 'जपानांत तयार केलेली' असेंही छापलेलें असतें. मग तिचा देश कोणता म्हणावयाचा?

उपाय साधा आहे. एका रकान्याचे तीन करावे: लेबलावर काय छापलें आहे, वस्तु कोठें तयार झाली, आणि ती कोठें विकली गेली. पहिल्यांत अक्षरें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं; तिसरा रकाना पावती किंवा दुकानाची चिकटपट्टी असेल तरच भरावा, एरव्हीं रिकामा ठेवावा. तो रिकामा असला, तर पुढें एखाद्यास पुरावा सांपडून भरतां येईल. अंदाजानें भरलेला रकाना मात्र दुसऱ्या सूचींत उतरतो, तेथून तिसरींत, आणि शेवटीं तोच पुरावा म्हणून दाखविला जातो.

हीं यंत्रें खेळणारीं मुलें आज प्रौढ झालीं आहेत, आणि दुकानांच्या पावत्या बहुतेक घरांतून केव्हांच रद्दींत गेल्या आहेत. उद्यांच्या इतिहासकाराच्या हातीं एक कॅसेट व एक सूची, एवढेंच उरणार आहे. कॅसेट खोटें बोलणार नाहीं. सूचीनेंही बोलूं नये, एवढी काळजी आज आपल्याला घेतां येईल.