छातीतला कफ मोकळा करण्याच्या उपचारांचा इतिहास

श्वासनलिका कायमच्या रुंदावल्या की त्यांत कफ साचतो, सडतो आणि जंतुसंसर्ग वारंवार उलटतो. प्रतिजैविके येण्यापूर्वी या आजारावर फारसे औषध नव्हते. म्हणून गुरुत्वाकर्षणाचा आधार घेतला गेला. जर्मनीत क्विंके यांनी 1898 मध्ये आणि लंडनमध्ये विल्यम एवार्ट यांनी 1901 मध्ये रुग्णाला विशिष्ट स्थितीत निजवून कफ निचरू देण्याची पद्धत मांडली. फुफ्फुसाचा बाधित भाग वर राहील असे निजवले की कफ मोठ्या श्वासनलिकेकडे उतरतो आणि खोकून बाहेर टाकता येतो.

1930 च्या दशकात लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात विनिफ्रेड लिंटन यांनी छातीच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी श्वसनाचे व्यायाम रुजवले. पुढे सिस्टिक फायब्रोसिस या घट्ट कफ साचवणाऱ्या आजाराच्या मुलांसाठी खोलगट तळव्याने छाती-पाठ थापटणे हा रोजचा परिपाठ झाला. मात्र त्यासाठी दररोज दुसऱ्या कुणाचे तरी हात लागत.

ही परावलंबिता पुढच्या पद्धतींनी कमी केली. 1960 च्या दशकात बेल्जियममध्ये जाँ शेव्हाये यांनी श्वासाची खोली व वेग सांभाळून कफ वर आणण्याचे तंत्र विकसित केले. ब्रॉम्प्टनमध्ये 1970 च्या दशकात, घसा उघडा ठेवून जोराने उच्छ्वास सोडण्याचे तंत्र रूढ झाले. डेन्मार्कमध्ये उच्छ्वासाला अडथळा देणारा मुखवटा आला. त्या अडथळ्यामुळे निर्माण होणाऱ्या दाबाने नलिका उघड्या राहतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात छाती हलवणारे हवेचे जाकीट तयार झाले. आज रुग्णाचे वय, आजार आणि सोय पाहून यांतून निवड केली जाते.