तारेचा जोड : पिळण्यापासून दाबण्यापर्यंत



३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, कितीतरी गावं बरेच दिवस अंधारात राहिली. पुढे वीज आली. पण घरातल्या, विहिरीवरच्या पंपाच्या तुटलेल्या तारा जोडताना जोड कसा घातला, हे आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलं? केळशीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात हे पाहायलाच हवं. तार बहुधा मधोमध जळत नाही, जोडात जळते. म्हणून आज या जोडाचाच इतिहास.

पूर्वी दोन तारा एकमेकींवर पिळायच्या आणि वर पट्टी गुंडाळायची. असा जोड पुढे ढिला पडतो. दुसरी पद्धत डाख देण्याची. भांड्याला देतात तसाच, कथील आणि शिशाचा. हा जोड पक्का, पण वेळखाऊ. आणि फार तापला की डाख वितळतो. दुसऱ्या महायुद्धात विमानांना असे असंख्य जोड लागू लागले, तेही सतत हादरे सोसणारे. १९४१ साली अमेरिकेत युनकस व्हिटेकर यांनी कंपनी काढली आणि विमानं-जहाजांसाठी डाखाशिवायचे जोड बनवले. तांब्याची छोटी नळी तारेवर चढवायची आणि खास हत्याराने इतकी दाबायची की दोन्ही एकजीव व्हाव्यात. हेच क्रिम्पिंग. आपला वायरमन त्या नळीला लग किंवा थिंबल म्हणतो. तिच्यावरची चकाकी म्हणजे कल्हई. तांब्याला हिरवा कळंक चढू नये म्हणून ती असते.

१९६५ च्या सुमारास तांबं महागलं आणि अमेरिकेतल्या घरांत ॲल्युमिनियमची वायर आली. ॲल्युमिनियम मऊ असतं. तापलं की जास्त फुगतं, स्क्रूखाली दबतं, निवल्यावर ढिलं पडतं. ढिला जोड आणखी तापतो. १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्प्टन बेज इथे घराला आग लागून दोघांचा जीव गेला. कारण निघालं प्लगच्या बोर्डातला ॲल्युमिनियमचा सदोष जोड. पुढच्या सरकारी पाहणीत दिसलं, की १९७२ पूर्वीची ॲल्युमिनियम वायर असलेल्या घरांत जोड आगीइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट आहे. त्यावर मान्य झालेला एक उपाय होता क्रिम्पिंगचाच : प्रत्येक टोकाला तांब्याच्या तारेचा तुकडा यंत्राने दाबून बसवायचा.

आपल्याकडेही बरीच वर्षं घरांत ॲल्युमिनियमची वायर वापरली गेली. खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार बहुधा आजही ॲल्युमिनियमचीच असते. त्यात आपली खारी हवा! तांबं, ॲल्युमिनियम आणि खारट ओल एकत्र आली की तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून हे दोन धातू नुसते पिळून जोडू नयेत. तिथे बायमेटल लग लागतो.

जोड घालणं हे परवानाधारक वायरमनचं काम. पण उभं राहून पाहणं आपलं. आधी मेन स्विच बंद करून टेस्टरने तपासलं का? लग तारेच्या मापाचा आहे का? प्लास्टिक टोपीचा लग असेल तर रंग लक्षात ठेवा : लाल दीड चौरस मिलिमीटरपर्यंत, निळा दीड ते अडीच, पिवळा चार ते सहा. लग मोठा म्हणून तार दुमडून कोंबू नये, लहान म्हणून तारेचे धागे कापू नयेत. पकडीने किंवा हातोडीने ठेचू नये, क्रिम्पिंगचंच हत्यार हवं. दाबल्यावर ओढून पाहावं. तार हलली तर तो लग टाकून नवा बसवावा.

बोर्ड गरम लागला, काळा पडला, जळका वास आला, तर ती बाजू बंद करून वायरमनला बोलवा. लग काही रुपयांचा असतो. त्याच्यासाठी घर पणाला लावू नका.