सुरत डायमंड बोर्स : इमारत उभी राहिली, बाजार अजून वाटेवर

हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ हा आपल्या नवापूर, साक्री, धुळे, जळगावचाच रस्ता. त्याच्या पश्चिम टोकाला, समुद्राकडे जाताना, इच्छापोर लागतं. आजूबाजूला कृभको, एनटीपीसीचा कवास प्रकल्प, ओएनजीसी असे मोठे कारखाने. सुरतेबाहेर हिऱ्यांसाठी वेगळी जागा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न याच इच्छापोरला झाला. गुजरात हिरा बोर्सचं जेम्स अँड ज्वेलरी पार्क इथेच आहे. आणि इथून महामार्गानेच तापीवरचा ओएनजीसी पूल ओलांडून मगदल्ल्याच्या पुढे गेलं की खजोदला दुसरा प्रयत्न दिसतो. तो नजरेतून सुटणं शक्य नाही : एकमेकांना जोडलेले नऊ मनोरे, प्रत्येकी १५ मजली. हेच सुरत डायमंड बोर्स.

मुंबईतला हिरे व्यापार सुरतला चालला म्हणून महाराष्ट्रात वाद झाला तो याच इमारतीवरून. ती कशी बांधली गेली आणि बांधून झाल्यावर काय झालं, याची ही माहिती.

आधी बाजार समजून घ्या

जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत घडतात, असं व्यापारात सांगितलं जातं. कारखाने मुख्यतः वराछा आणि कतारगाममध्ये. घंटीवर बसणारे रत्नकलाकार बहुतेक सौराष्ट्रातले. आपली खान्देशी मंडळी सुरतेत लाखांनी आहेत, पण ती जास्त करून लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागात आणि कापडाच्या धंद्यात. हिरा हा तसा आपला धंदा नव्हे.

कारखान्यात तयार झालेला माल विकला जातो महिधरपुऱ्याच्या गल्लीत आणि वराछाच्या मिनी बाजारात. तिथे अजूनही दलाल रस्त्यावर उभे राहून, स्कूटरच्या सीटवर कागदाची पुडी उघडून हिरे दाखवतात. लाखोंचा माल खिशातून निघतो आणि खिशात जातो. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल, पण त्यामागे हिशोब आहे. दहा पावलांवर दहा खरेदीदार, शेजारी सेफ व्हॉल्ट, कोपऱ्यावर आंगडिया आणि सगळे एकमेकांना ओळखणारे. उधारीचा धंदा ओळखीवर चालतो.

मोठा, निर्यातीचा सौदा मात्र मुंबईत. विदेशी खरेदीदार, बँका, विमानं सगळं तिथे. म्हणजे हिरा घडायचा सुरतेत आणि विकायला जायचा मुंबईला. सुरतेच्या व्यापाऱ्यांना हे वर्षानुवर्षं खुपत होतं. इच्छापोरच्या पार्कने कारखान्यांना जागा दिली, पण सौदा गल्लीतून हलला नाही. खजोदचं बोर्स हे त्याच्या पुढचं, फार मोठं पाऊल.

बांधकाम

फेब्रुवारी २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री आनंदीबेन पटेल यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. जागा खजोदची, साधारण ३५ एकर. आजूबाजूला ड्रीम सिटी नावाचं नवं व्यापारी शहर वसवायचं, असा सरकारचा बेत. शहराच्या बाहेर, खाडीजवळचा हा भाग सुरतकरांना तोवर माहीत होता तो महापालिकेच्या कचरा डेपोमुळे. तिथे सुरतेचं नवं डाउनटाउन होणार, यावर तेव्हा किती जणांनी विश्वास ठेवला असेल कोण जाणे.

इमारतीचा आराखडा दिल्लीच्या मॉर्फोजेनेसिस या वास्तुरचना कंपनीचा, स्पर्धेतून निवडलेला. बांधकामाचं कंत्राट २०१७ मध्ये अहमदाबादच्या पीएसपी प्रोजेक्ट्सला मिळालं, १,५७५ कोटींचं. सगळं धरून प्रकल्पाचा खर्च पुढे ३,४०० कोटींच्या घरात गेला. मधली दोन वर्षं कोविडने खाल्ली.

हा सरकारी प्रकल्प नाही आणि बिल्डरचाही नाही. व्यापाऱ्यांनी ना-नफा कंपनी काढली, सभासदांनी आधी पैसे भरून कार्यालयं घेतली आणि त्या पैशातून बांधकाम झालं. पाया भरायच्या आधीच कार्यालयं विकली गेली होती. म्हणजे खरेदीदार मिळतील का, ही चिंता या इमारतीला कधी नव्हतीच. चिंता पुढे वेगळीच निघाली.

आराखड्यात खरी अक्कल लागली ती रचनेत. ६७ लाख चौरस फूट बांधकाम, साधारण साडेचार हजार कार्यालयं, काही ३०० चौरस फुटांची तर काही कित्येक हजारांची. एवढं सगळं एका ठिकाणी रचलं तर माणूस चालूनच थकेल. म्हणून मधोमध एक लांब, उंच मार्गिका ठेवली, पाठीच्या कण्यासारखी, आणि नऊही मनोरे तिला जोडले. कुठल्याही दारातून आत आलेला माणूस सात मिनिटांच्या आत आपल्या कार्यालयात पोहोचावा, हे गणित धरूनच नकाशा काढला. लिफ्ट १३१ आहेत. मनोऱ्यांच्या मध्ये मोकळे चौक आणि बागा सोडल्या आहेत, कारण हिरा पारखायला दिवसाचा उजेड लागतो आणि दलालाला घोळक्यात उभं राहायला जागा लागते. महिधरपुऱ्याची गल्ली छताखाली आणायचा प्रयत्न म्हणा ना.

सुरतेच्या उकाड्याचाही विचार आहे. मार्गिकेचा आकार असा की वारा आत ओढला जावा. सामाईक भागात जमिनीखालच्या नळ्यांतून थंड पाणी फिरवून गारवा आणला जातो, त्यामुळे एसीचा भार कमी होतो. तळाशी वाहनतळ, आत सेफ व्हॉल्ट, बँका, कस्टम्सचं कार्यालय, दागिन्यांच्या किरकोळ विक्रीचा मॉल अशी सोय.

ऑगस्ट २०२३ मध्ये गिनेस बुकने जगातली सगळ्यात मोठी कार्यालयीन इमारत म्हणून तिची नोंद केली. त्याआधी हा मान अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पेंटागॉनकडे होता, १९४३ पासून. ही तुलना बातम्यांत भरपूर झाली, पण एक फरक राहून गेला. पेंटागॉन एका खात्याचं आहे. वरून हुकूम आला आणि माणसं येऊन बसली. इथे मालक हजारो, आणि कुणालाच कुणी हुकूम देऊ शकत नाही.

उद्घाटन आणि नंतर

१७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी उद्घाटन केलं. त्याच दिवशी सुरत विमानतळाच्या नव्या टर्मिनलचंही उद्घाटन झालं. दोनच दिवस आधी केंद्रीय मंत्रिमंडळाने या विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा द्यायला मंजुरी दिली होती. महाराष्ट्रात त्या सुमारास नागपूरचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. मुंबईचा आणखी एक धंदा गुजरातला गेला, असा विरोधकांचा आरोप. वांद्रे-कुर्ला संकुलातलं भारत डायमंड बोर्स कुठेही जात नाही, असं सरकारचं उत्तर.

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट धरूनच चालली होती, की इमारत झाली म्हणजे बाजार आलाच. तसं झालं नाही.

सुरुवातीला, नोव्हेंबर २०२३ मध्ये, साधारण १३५ कार्यालयं उघडली. साडेचार हजारांपैकी. बोर्सचे तेव्हाचे अध्यक्ष वल्लभभाई लाखाणी यांच्या किरण जेम्सने मुंबईतला व्यवहार सुरतेत आणला. बाकीचे मागून येतील, ही अपेक्षा. ते आले नाहीत, आणि जानेवारी २०२४ मध्ये किरण जेम्सचा व्यवहार पुन्हा मुंबईकडे वळला. लाखाणी पदावरून दूर झाले, गोविंद ढोलकिया यांनी सूत्रं हाती घेतली. बांधकाम कंपनीचा थकबाकीचा वाद सुरतेच्या कोर्टात गेला होताच. कंपनीचा दावा ५३८ कोटींचा, आणि कोर्टाने बोर्सला १०० कोटींची बँक हमी द्यायला सांगितलं. २०२४ भर बहुतेक कार्यालयांना कुलूपच राहिलं.

यात कुणाची फसवणूक नाही की आळसही नाही. अडचण बाजाराच्या स्वभावात आहे. दलाल तिथेच जातो जिथे व्यापारी बसतात. व्यापारी तिथेच बसतो जिथे दलाल येतात. पहिला जो एकटा जाईल तो नुकसानीत, मग तो कितीही मोठा असो. सगळे एकदम हलले तरच फायदा, आणि सगळ्यांना एकदम हलवणारा कुणी नाही. त्यात महिधरपुऱ्यापासून खजोद लांब. परदेशी खरेदीदार अजूनही मुंबईला उतरतो आणि दोन दिवसांत काम उरकून परत जातो.

वेळही वाईट होती. अमेरिका हा आपल्या हिऱ्यांचा सगळ्यात मोठा ग्राहक, आणि तिथली मागणी मंदावलेली. प्रयोगशाळेत बनलेल्या स्वस्त हिऱ्यांनी खाणीतल्या हिऱ्यांचे भाव पाडले. जानेवारी २०२४ पासून जी-७ देशांनी रशियन हिऱ्यांवर बंदी घातली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. कारखान्यांत कामाचे दिवस कमी झाले तिथे नव्या कार्यालयाच्या फर्निचरवर खर्च कोण करणार?

मुंबईचंही असंच झालं होतं

आज पक्कं वाटणारं वांद्रे-कुर्ला संकुलातलं बोर्सही एका रात्रीत भरलं नव्हतं. संस्था स्थापन झाली १९८४ मध्ये. इमारती सुरू झाल्या ऑक्टोबर २०१० मध्ये. मधे २६ वर्षं. साधारण अडीच हजार कार्यालयं तयार होती, तरी बरेच व्यापारी ऑपेरा हाऊसची पंचरत्न इमारत आणि आजूबाजूच्या गल्ल्या सोडायला तयार नव्हते. कारणं तीच : ओळख, सवय, लोकल स्टेशन जवळ. मग १३ जुलै २०११ रोजी ऑपेरा हाऊसला, झवेरी बाजाराला आणि दादरला बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर स्थलांतराला जोर आला. म्हणजे मुंबईतही बाजार हलला तो इमारत छान आहे म्हणून नव्हे.

आपल्या लोकांसाठी

व्यापार आपला नसला तरी अशा इमारतीत रोजगार फक्त व्यापाऱ्याचा नसतो. सुरक्षारक्षक, सफाई, कॅन्टीन, ड्रायव्हर, लिफ्टची देखभाल, शिपाई ही कामं कार्यालय उघडलं तरच निर्माण होतात. कुलूपबंद गाळ्याला शिपाई लागत नाही. त्यामुळे इथे कामासाठी जाणाऱ्याने इमारतीचा आकार बघून भुलू नये. कोणत्या मनोऱ्यात किती कार्यालयं चालू आहेत, हे आधी विचारावं, आणि एजंटला पैसे देण्यापूर्वी तर नक्कीच.

भुसावळ, जळगाव, नंदुरबारकडून येणाऱ्यांना उधन्याला उतरणं सोयीचं. सुरत मेट्रोची पहिली मार्गिका सरथाणा ते ड्रीम सिटी अशी आखलेली आहे, लांबी सुमारे २१ किलोमीटर. तिचं भूमिपूजन जानेवारी २०२१ मध्ये झालं. वराछाच्या बाजूचा दलाल गाडी न काढता खजोदला पोहोचेल तो या मार्गिकेने. तिच्या एका टोकाला, सरथाण्याकडे, हिऱ्याचे कारखाने आहेत आणि दुसऱ्या टोकाला हे बोर्स.