सुकाणूच्या सेवकाची भूक

रेडिओवर चालणाऱ्या लहानग्या मोटारगाडीत जुना सर्व्हो काढून अधिक ताकदीचा बसवला, की कधीकधी एक विचित्र गोष्ट घडते. गाडी उभी असताना चाके झटकन वळवायला जावे, तर ती अर्ध्यावरच अडकतात आणि क्षणभर गाडी कोणताच हुकूम मानत नाही. सर्व्हो नवा असतो, रेडिओही ठीक असतो. मग चुकते कुठे? याचे उत्तर समजण्यासाठी आपल्याला आगबोटींच्या काळात जावे लागेल.

जहाजे मोठी होत गेली, तसे त्यांचे सुकाणू हातांनी फिरवणे अवघड झाले. १८६६ मध्ये मॅकफार्लेन ग्रे यांनी वाफेवर चालणाऱ्या सुकाणूयंत्राचे पेटंट घेतले आणि ते ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजावर बसवले गेले. नाविकाने चाक फिरवले की वाफेची झडप उघडे आणि सुकाणू हव्या त्या कोनात आले की ते स्वतःच झडप बंद करी. हुकूम नाविकाचा, बळ वाफेचे! फ्रान्समधील जोसेफ फार्को यांनी १८७३ च्या आपल्या पुस्तकात अशा यंत्राला ‘सर्व्होमोटर’ म्हटले. लॅटिनमध्ये ‘सर्व्हस’ म्हणजे दास.

१८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये बिनतारी हुकमावर चालणारी छोटी बोट दाखवली. रेडिओलहरींतून पोहोचणारी ऊर्जा अत्यल्प. बोट चालवण्याचे आणि वळवण्याचे काम आतल्या विद्युतघटांचेच होते.

आजच्या सर्व्होतही हीच विभागणी आहे. दर सेकंदाला सुमारे ५० वेळा एक स्पंद येतो. तो दीड मिलिसेकंदाचा असेल तर चाके सरळ. एक किंवा दोन मिलिसेकंदांचा असेल तर एका किंवा दुसऱ्या बाजूला. तिसऱ्या तारेतून हा हुकूम येतो, उरलेल्या दोन तारांतून बळ.

तामिया या जपानी कंपनीची पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार १९७६ मध्ये आली. त्या काळच्या गाड्यांत रिसीव्हर व सर्व्होसाठी चार छोट्या घटांचा वेगळा संच असे. पुढे वजन वाचवण्यासाठी ७.२ व्होल्टच्या मुख्य बॅटरीतूनच, विभवांतर कमी करणाऱ्या छोट्या मंडलामार्फत, दोघांनाही वीज दिली जाऊ लागली. या मंडलाला ‘बीईसी’ म्हणतात. आपल्या कोड्याचे मूळ येथे आहे.

फिरणारी मोटर जनित्रासारखी वागून उलट विभवांतर निर्माण करते, त्यामुळे विद्युतधारा मर्यादित राहते. मोटर अडली की हा विरोध संपतो आणि धारा कमाल होते. समजा, ताकदवान सर्व्होने अशा वेळी ४ अँपिअर मागितले आणि पुरवठ्याच्या मार्गात एकूण ०.५ ओहम रोध आहे. ६ व्होल्टपैकी २ व्होल्ट वाटेतच जातील! बीईसीची क्षमताच १ अँपिअर असेल, तर विभवांतर आणखी कोसळेल. त्याच विजेवर जगणारा रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. सेवकाने धन्याचाच घास खाल्ला!

म्हणून मोठ्या सर्व्होला पुरेशा क्षमतेचा स्वतंत्र बीईसी देतात. हुकमाची तार रिसीव्हरकडूनच येते, मात्र दोन्हींच्या ऋण तारा जोडलेल्या असाव्या लागतात. नाहीतर स्पंद मोजायचा कशाच्या तुलनेत? दोन लिथियम घटांची बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते. त्यासाठी न बनवलेला सर्व्हो थेट तिला जोडला, तर तो जळू शकतो.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन कोरड्या घटांना टॉर्चचा बल्ब आणि खेळण्यातली मोटर समांतर जोडा. मोटरचा दांडा चिमटीत क्षणभर धरा. बल्ब मंद होईल. आता बल्बला वेगळे घट द्या आणि दांडा पुन्हा धरा. काय फरक पडला, आणि का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.