एका ध्वनिमुद्रिकेची दोन स्वागते

एखाद्या ग्रंथाचे किंवा गीताचे पहिले स्वागत हेच त्याचे अखेरचे मोल होय, असे मानण्याकडे जगाचा कल असतो. परीक्षकाने आपला अभिप्राय लिहिला, वर्षअखेरीच्या यादीत जागा मिळाली अथवा हुकली, की त्या कृतीचा हिशेब मिटला, असे समजले जाते. परंतु कित्येकदा रसिकांचा हिशेब निराळ्याच वहीत लिहिला जात असतो आणि त्याची बेरीज पुष्कळ वर्षांनी हाती येते. १० फेब्रुवारी १९९८ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' या ध्वनिमुद्रिकेचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. 'न्यूट्रल मिल्क हॉटेल' असे चमत्कारिक नाव धारण करणाऱ्या एका लहानशा वाद्यवृंदाची ही दुसरी ध्वनिमुद्रिका. पहिली 'ऑन एव्हरी आयलंड' या नावाने १९९६ मध्ये निघाली होती.

या मंडळींचे संगीत 'इंडी रॉक' या नावाने ओळखले जाते. मोठ्या कंपन्यांच्या भांडवलाचा व जाहिरातीचा आधार न घेता, लहान स्वतंत्र प्रकाशकांच्या मदतीने निघणारे रॉक संगीत, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. मराठीत जी कामगिरी लहान नियतकालिकांनी वाङ्मयात केली, तिच्याशी या प्रकाशकांचे काम बरेचसे जुळते. ही ध्वनिमुद्रिका काढणारी 'मर्ज रेकॉर्ड्‌स' ही संस्था १९८९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात मॅक मॅककॉहन व लॉरा बॅलन्स या दोन वादकांनीच स्थापन केली होती. नव्या ध्वनिमुद्रिकेच्या सुमारे सात हजार प्रती खपतील, असा तिचा अंदाज होता आणि त्या बेताने ५,५०० सीडी व १,६०० तबकड्या काढण्यात आल्या.

वाद्यवृंदाचा सूत्रधार जेफ मँगम हा लुइझियाना राज्यातील रस्टन या गावचा. शाळेच्या दिवसांतच त्याला रॉबर्ट श्नायडर, विल कलन हार्ट व बिल डॉस हे समानशील मित्र लाभले. घरच्या साध्या टेपरेकॉर्डरवर गाणी मुद्रित करून ती एकमेकांना ऐकवण्याचा या मुलांना छंद होता. त्या छंदातूनच पुढे 'एलिफंट सिक्स' हे मित्रमंडळ उभे राहिले. त्यांतील काही जण जॉर्जियातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावी गेले, तर श्नायडर कोलोराडोतील डेन्व्हर येथे स्थायिक झाला. १९९७ च्या उन्हाळ्यात मँगमने आपल्या सोबत्यांसह डेन्व्हर गाठले आणि श्नायडरच्या देखरेखीखाली ही गाणी मुद्रित केली. गिटार व ढोल यांच्या जोडीला तेथे बँजो होता, अकॉर्डियन होते, तुताऱ्या होत्या, आणि धनुकलीने वाजवायची करवतसुद्धा होती. सुताराच्या करवतीतून निघणारा तो कातर, मानवी कंठासारखा स्वर जूलियन कोस्टर याने वाजविला आहे. पितळी वाद्यांची बाजू स्कॉट स्पिलेन याने आणि ढोलांची जेरेमी बार्न्स याने सांभाळली.

या गाण्यांमागे एक दुःख होते. मँगमने ॲन फ्रँकची रोजनिशी वाचली आणि तो शोकाकुल झाला. मराठी वाचकांनाही ही रोजनिशी अनुवादरूपाने परिचित आहे. ॲमस्टरडॅममधील एका घराच्या मागील भागात दोन वर्षे लपून राहिलेली ही ज्यू मुलगी ४ ऑगस्ट १९४४ रोजी पकडली गेली आणि १९४५ च्या आरंभी, वयाच्या पंधराव्या वर्षी, बेर्गन-बेल्सनच्या छळछावणीत मरण पावली. अर्ध्या शतकापूर्वी गेलेल्या त्या मुलीला वाचवता आले असते तर, या अशक्य इच्छेची छाया अनेक गाण्यांवर पडली आहे. एका गाण्याचे तर नावच 'हॉलंड, १९४५' असे आहे. दुसऱ्या एका गाण्यात येशू ख्रिस्ताला प्रेमाने घातलेली उघड साद आहे. रॉक संगीताच्या श्रोत्यांना अशा वेळी उपहासाची सवय असते. म्हणून हा गायक थट्टा करतो की प्रार्थना, हे अनेकांना उमजेना. मँगमने सोबतच्या पत्रिकेतच खुलासा केला होता. आपण जे गातो ते मनापासून गातो. मात्र या गाण्यांचा आधार कोणताही एक धर्म नसून, सर्व वस्तूंच्या ठायी एक चिरंतन प्रकाश आहे ही श्रद्धा होय, असा त्याचा आशय होता.

पहिले स्वागत बरे झाले, पण त्यात उत्सव नव्हता. 'रोलिंग स्टोन'ने पाचांपैकी तीन तारे दिले. लोकगीताच्या धाटणीची मोहिनी ज्याच्यावर पडणार नाही त्याला हे संगीत निस्तेज व स्वप्नाळू वाटेल, असा तेथील परीक्षणाचा रोख होता. 'पिचफोर्क'ने दहांपैकी ८.७ गुण दिले. 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाने दरवर्षीप्रमाणे समीक्षकांचा कौल घेतला, त्यात १९९८ सालच्या ध्वनिमुद्रिकांत हिला पंधरावे स्थान मिळाले. लहान प्रकाशकाच्या दृष्टीने हे यश उपेक्षणीय नव्हते. पण यापुढे काही विलक्षण घडेल असेही त्यावरून कोणाला वाटले नसते.

विलक्षण घडले ते मैफलींत. श्रोते गाण्यांतील शब्द न् शब्द गायकाबरोबर गाऊ लागले. ज्याला आपले खासगी दुःख समजून मँगमने आळवले, ते परक्या माणसांना आपलेच वाटू लागले होते. आणि नेमक्या याच वेळी, १९९८ अखेरीस, वाद्यवृंद थांबला. पुढे २००२ मध्ये एका मुलाखतीत मँगमने या काळाविषयी सांगितले, त्याचा मथितार्थ असा की, जगाविषयीच्या त्याच्या मूळच्या समजुतीच ढासळल्या होत्या. गाण्याने माणसाचे दुःख हलके होईल, असे त्याला वाटे. परंतु जवळचे मित्र तर पूर्वीइतकेच दुःखी होते. केवळ गाऊन या यातनांतून सुटका नाही, हे त्याला कळून चुकले.

गायक गप्प बसला आणि ध्वनिमुद्रिका बोलू लागली. तिची जाहिरात कोणी केली नाही. एका मित्राने दुसऱ्याला, थोरल्या भावाने धाकट्याला ती ऐकवली. एक पिढी महाविद्यालयातून बाहेर पडली तशी दुसरीने ती उचलली. २००३ मध्ये 'पिचफोर्क'ने १९९० च्या दशकातील श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांची यादी केली, तीत हिला चौथा क्रमांक दिला. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये तिची पुनरावृत्ती निघाली, तेव्हा त्याच नियतकालिकाने नवे परीक्षण छापून दहांपैकी दहा गुण बहाल केले. त्याच वर्षी किम कूपर यांनी तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. २००८ मध्ये, म्हणजे प्रकाशनानंतर दहा वर्षांनी, अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांत तिचा सहावा क्रमांक लागला आणि सुमारे १०,२०० प्रती त्या एका वर्षात विकल्या गेल्या. जिच्या एकूण सात हजार प्रतींचा अंदाज होता, तिची ही गोष्ट!

तथापि रसिकांच्या या प्रेमाला एक काळी किनार होती. मौन धारण केलेला कलावंत म्हणजे दंतकथांना आयती जागा. त्याच्याविषयी तर्कवितर्क पसरले, त्याचा ठावठिकाणा शोधण्याची अहमहमिका लागली. २००३ मध्ये एका पत्रकाराने असाच शोध चालविला असता मँगमने कळविले की, आपण कोणाच्या मनातील कल्पना नसून जिवंत माणूस आहोत, आणि आपल्याला एकांत हवा आहे. हे उत्तर प्रत्येक भक्त श्रोत्याने अंतर्मुख होऊन वाचावे असे आहे. एका मृत मुलीविषयीच्या करुणेने ज्यांची हृदये विरघळली, त्यांनाच त्या करुणेला शब्द देणाऱ्या जिवंत माणसाची व्यथा दिसू नये, हा विरोधाभास खरोखर बोचणारा आहे.

हळूहळू मँगम परतला. ४ ऑक्टोबर २०११ रोजी न्यूयॉर्कच्या झुकॉटी पार्कमध्ये ठाण मांडून बसलेल्या निदर्शकांसमोर तो एकटाच गायिला. २०१३ मध्ये जुने सोबती पुन्हा एकत्र आले आणि २०१५ पर्यंत त्यांनी ठिकठिकाणी मैफली केल्या. या मैफलींत श्रोत्यांना छायाचित्रे किंवा चित्रफिती न घेण्याची विनंती केलेली असे. नवी ध्वनिमुद्रिका मात्र निघाली नाही. २०२३ मध्ये 'मर्ज'ने जुन्या गाण्यांचा समग्र संग्रह प्रसिद्ध केला, इतकेच.

मग पहिले परीक्षक चुकले काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्यासमोर फक्त गाणी होती, आणि मुदत होती. ज्या श्रोत्यांनी ती आपल्या शोकात, आजारपणात, परक्या शहरातील एकाकी रात्री पुन्हा पुन्हा ऐकली, ते श्रोते तेव्हा जन्मास यायचे होते. दुसऱ्या स्वागतात काळाने भर घातली ती त्यांच्या अनुभवाची. मँगमला वाटले तसे या गाण्यांनी त्याच्या मित्रांचे दुःख दूर केले नसेल. पण दुःखात कोणी सोबतीला आहे, एवढा दिलासा ज्यांना त्यांच्यातून मिळाला, त्यांची गणना कोणत्याही यादीत झालेली नाही. त्या दिलाशाची परतफेड करावयाची असेल, तर ध्वनिमुद्रिका ऐकावी आणि ती करणाऱ्याला त्याच्या घरी सुखाने राहू द्यावे.